राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील वायुविभाजक पटलांचे संशोधन : एक इतिवृत्त

पुण्याच्या पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला ३ जानेवारी २०२५ रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने यवतमाळ जिल्ह्यातील रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी ही स्मरणिका काढण्याचे योजिले, तेव्हा संस्थेच्या विस्तीर्ण कार्यापैकी वायूंचे विभाजन करणाऱ्या बहुवारिक पटलांच्या संशोधनाचा वृत्तान्त लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. संस्थेचा इतिहास म्हटला की कोनशिला, उद्घाटने, संचालकांच्या नेमणुका आणि इमारतींचे विस्तार यांची जंत्री देण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. ती जंत्री यथास्थळी येईलच. परंतु प्रयोगशाळेचा खरा इतिहास तिच्या दफ्तरातील मोजमापांच्या वह्यांत असतो असे माझे मत असल्यामुळे, एखाद्या रेणूच्या अंगावरील एकच अणुगट बदलावा, त्याचा परिणाम मोजावा, नोंदवावा आणि मग पुढच्या गटाकडे वळावे, असे जे काम वर्षानुवर्षे चालते आणि ज्याला वर्तमानपत्रांत क्वचितच जागा मिळते, त्या कामालाच या लेखात अधिक जागा दिली आहे.

हा विषय यवतमाळच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. वणी तालुक्यातील राजूरच्या चुनाभट्ट्यांचा हिशेब रसायनशास्त्राच्या पुस्तकात अगदी सोपा आहे : शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली म्हणजे ५६ किलो चुना हाती येतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भट्टीला लागणाऱ्या कोळशाच्या धुराची भर वेगळीच. झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला २०२२ मध्ये सुरू झालेला सिमेंटचा मोठा कारखाना याच चुनखडीच्या भरवशावर उभा आहे आणि त्याच्या भट्टीतील मूळ रसायनही हेच. गोबरगॅसच्या टाकीतून निघणाऱ्या वायूत मिथेनचे प्रमाण साधारणतः ५५ ते ६५ टक्के असते, आणि उरलेला बहुतेक भाग पुन्हा कार्बन डायऑक्साइडच असल्यामुळे, तो वायू चुलीला पुरतो, पण सिलिंडरात भरून वाहनाला देण्यापूर्वी शुद्ध करावा लागतो. रुग्णालयातील प्राणवायूचे महत्त्व तर करोनाच्या साथीनंतर कोणाला सांगण्याची गरज राहिलेली नाही. या सर्व ठिकाणी प्रश्न एकच आहे : एकमेकांत मिसळलेले दोन वायू वेगळे कसे करावेत?

त्याची जुनी उत्तरे खर्चाची आहेत. हवा उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड करून द्रवरूप करावी आणि मग तिचे घटक उकळवून वेगळे काढावेत, किंवा अमाइन नावाच्या द्रव्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवून घ्यावा आणि पुन्हा उष्णता देऊन तो बाहेर काढावा. दोन्ही मार्गांत ऊर्जेचा व्यय मोठा. त्यांच्या तुलनेत बहुवारिकाचे एक पातळ पटल मध्ये धरावे, एका बाजूने वायूचे मिश्रण दाबाखाली सोडावे आणि दुसऱ्या बाजूने हवा तो वायू गोळा करावा, ही कल्पना इतकी साधी आहे की ती ऐकणाऱ्याला पहिल्या क्षणी शंकाच येते. ही शंका फार जुन्या काळीच फिटली होती. फिलाडेल्फियाचे मिचेल यांनी १८३१ मध्ये रबरी फुग्यांत निरनिराळे वायू भरून पाहिले, तेव्हा कार्बन डायऑक्साइड इतर अनेक वायूंपेक्षा लवकर निसटतो असे त्यांच्या ध्यानात आले; आणि १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी रबराच्या पातळ पडद्यातून हवा ओढून तिच्यातील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे ४१ टक्क्यांपर्यंत वाढवून दाखविले. त्यांनी दिलेली उपपत्ती आजही मूलतः मान्य आहे. अशा पटलाला छिद्रे नसतात. वायू त्याच्या पृष्ठभागात आधी विरघळतो, मग साखळ्यांच्या क्षणोक्षणी उघडमीट होणाऱ्या फटींतून वाट काढीत पलीकडे सरकतो आणि तेथे बाहेर पडतो. म्हणून पटलाचे काम दोन गोष्टींवर अवलंबून राहते : कोणता वायू त्यात अधिक विरघळतो, आणि कोणता त्यातून अधिक वेगाने विसरण पावतो.

आता संस्थेकडे वळू. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये स्थापन झाल्यावर डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या पुढाकाराने देशात राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिका उभी करण्याची जी तजवीज झाली, तिच्यात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पुण्याच्या वाट्याला आली. मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते ६ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी चार महिने, कोनशिला बसली, आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. देशाचे संविधान अंमलात येण्यास तेव्हा तेवीस दिवस अवकाश होता.

पहिले संचालक म्हणून जेम्स विल्यम मॅकबेन यांची नेमणूक झाली. कॅनडात जन्मलेले, ब्रिस्टल आणि पुढे स्टॅनफर्ड येथे अध्यापन केलेले हे वृद्ध प्राध्यापक पाषाणला आले तेव्हा त्यांची कीर्ती साबणाच्या द्रावणांच्या अभ्यासाबद्दल विशेष होती. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. घन पदार्थ वायूला आपल्या पृष्ठभागावर धरतो आणि पोटातही घेतो, या दोन्ही क्रियांना कवेत घेणारी ‘सॉर्प्शन’ ही संज्ञा १९०९ मध्ये त्यांनीच रूढ केली, आणि १९२६ मध्ये बक्र या सहकाऱ्याबरोबर ती क्रिया मोजण्याचा तराजूही घडविला. क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूची मळसूत्री कमान काचेच्या नळीत टांगावी, तिच्या टोकाला पदार्थाचा तुकडा अडकवावा आणि नळीत वायू सोडावा; तुकडा वायू पिऊ लागला की कमान केसभर लांबते, आणि ते लांबणे दुर्बिणीने वाचून किती वायू आत गेला याचा हिशेब मांडता येतो. पाषाणच्या पुढील पटलसंशोधनाचा धागा मॅकबेन यांच्यापर्यंत सरळ जाऊन पोहोचतो असे म्हणण्याचा माझा उद्देश नाही, कारण मध्ये तीन-चार दशके आणि अनेक वेगळे विषय आहेत. तरीही ज्या प्रश्नाच्या उत्तरावर बहुवारिक पटलाचे अर्धे गणित बेतलेले आहे, तो प्रश्न आयुष्यभर विचारलेला मनुष्य संस्थेच्या पहिल्याच खुर्चीवर बसला होता, याची नोंद इतिहासात असणे अगत्याचे आहे.

मॅकबेन १९५२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जॉर्ज इंगल फिंच आले. रसायनशास्त्रज्ञांपेक्षा गिर्यारोहकांना त्यांचे नाव अधिक परिचित आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन चढण्याचा आग्रह धरणारे तेच; त्या वेळच्या अनेक नामांकित गिर्यारोहकांना तो मार्ग कमीपणाचा वाटत असतानाही जेफ्री ब्रूस यांच्यासह ते सुमारे ८,३०० मीटर उंचीपर्यंत गेले आणि विरळ हवेत माणसाला प्राणवायूची जोड दिल्यास काय घडू शकते हे त्यांनी प्रत्यक्ष दाखविले. पुढे १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाले, तेही प्राणवायूच्या साहाय्याने, आणि त्या वेळी फिंच पाषाणला संचालकाच्या खुर्चीवर होते. १९५७ मध्ये त्यांनी कार्यभार खाली ठेवला.

त्यानंतरच्या कारकिर्दींचा उल्लेख संक्षेपाने करतो, कारण त्यांवर या स्मरणिकेत अन्यत्र लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. रंगद्रव्यांचे विख्यात अभ्यासक कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक. त्यांच्यानंतर १९६६ पासून बाळ दत्तात्रेय टिळक. १९७८ पासून रासायनिक अभियांत्रिकीचे एल. के. दोरायस्वामी. बहुवारिकांच्या विज्ञानाला संस्थेत बळकटी आली ती सत्तरीच्या उत्तरार्धापासून. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये इंग्लंडहून परतून पाषाणला दाखल झाले आणि १९८९ ते १९९५ या काळात संचालक होते. बहुवारिक रसायनाचे दुसरे मोठे नाव, स्वामिनाथन शिवराम, २००२ ते २०१० या काळात त्या पदावर राहिले. रेणूची रचना ठरविणारा रसायनज्ञ आणि त्या पदार्थाचे वहन मोजणारा अभियंता एकाच आवारात असणे ही पटलाच्या कामाची पहिली अट असते, आणि ती अट याच वर्षांत पुरी झाली.

ऐंशीच्या सुमारास जगात पटलाचे कारखानदारीत पदार्पण झाले होते. साठीच्या आरंभी अमेरिकेत सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी खाऱ्या पाण्यासाठी सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल घडविले, की ज्याचे अंग सच्छिद्र आणि जाड, पण वरची विभाजन करणारी साय अतिशय पातळ, सुमारे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. वायूचा प्रवाह पटलाच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे, ज्या कामाला जाड पडदा दिवस लावी, ते या सायीने मिनिटांत होऊ लागले. १९८० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीने पॉलिसल्फोनच्या पोकळ तंतूंचे जुडगे बाजारात आणले आणि खतांच्या कारखान्यात अमोनिया बनविताना वाया जाणारा हायड्रोजन परत मिळविण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. तंतूंच्या सायीतील सूक्ष्म दोष सिलिकोन रबराच्या लेपाने बुजविण्याची हेनिस आणि त्रिपोदी यांची युक्ती त्या यशाचे मर्म होते. त्याच दशकात नैसर्गिक वायूतील कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी सेल्युलोज ॲसिटेटची पटले आली आणि ती आजतागायत वापरात आहेत. येथे कापसाच्या जिल्ह्यातील लेखकाला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, ती अशी की, रुई काढल्यावर सरकीला चिकटून राहणारे जे आखूड तंतू असतात, ते जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असून सेल्युलोज ॲसिटेट बनविण्याचा तो एक मान्य कच्चा माल आहे. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा, घाटंजी या ठिकाणच्या जिनिंगमधून जी सरकी बाहेर पडते, तिच्या अंगावर हा माल असतो.

पाषाणच्या प्रयोगशाळेत वायुविभाजनाचे पद्धतशीर काम नव्वदीत सुरू झाले. पॉलिॲरिलेट नावाच्या बहुवारिकांचे कुटुंब त्यासाठी निवडण्यात आले, आणि एस. एस. कुलकर्णी व उल्हास खरुल यांच्या निबंधांतून त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध होत गेला. बिस्फेनॉल आणि आम्ल अशा दोन भागांपासून ही साखळी बनते, आणि दोन्ही भागांच्या वलयांवर कोठे मिथिल, कोठे ब्रोमीन असे गट बसवून तिचे स्वरूप हवे तसे बदलता येते. बदल लहान दिसतो, परिणाम मोठा असतो. वलयावर चार ठिकाणी सममित मिथिल गट बसविले तर साखळ्या परस्परांपासून दूर राहतात आणि वायू अधिक मोकळेपणाने जातो. तेच मिथिल गट दोनच ठिकाणी, विषम रीतीने बसविले तर पटल पूर्वीपेक्षा उलट आवळते. मिथिलच्या जागी ब्रोमीन आणले तर साखळी ताठ होते आणि दोन वायूंमधील भेद करण्याची तिची शक्ती वाढते. टेक्सासपासून पुण्यापर्यंत निरनिराळ्या बहुवारिकांवर अशी निरीक्षणे जमा होत गेली, तेव्हा कोठे या शास्त्राला नियमांचे रूप आले.

हे मोजमाप प्रत्यक्ष कसे होते, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. बहुवारिक योग्य द्रावकात विरघळवून ते द्रावण पाणसळीने अचूक सपाट केलेल्या काचेवर ओततात आणि धूळ लागू न देता मंद उष्णतेने सुकवितात. काचेवरून सुटलेली ती पारदर्शक कातडी पुढे निर्वात भट्टीत ठेवावी लागते, कारण द्रावकाचा अंशही आत राहिला तर साखळ्या सैल पडतात आणि पुढचे सारे आकडे खोटे ठरतात. मग तिच्यातून एक चकती कापून, तिची जाडी अनेक ठिकाणी मोजून, ती पोलादी कोषात दोन कड्यांच्या मध्ये घट्ट आवळतात. एका बाजूने वायू वीसेक वातावरणांच्या दाबाने सोडला जातो; दुसऱ्या बाजूला एक बारीक काचनळी असते आणि तिच्यात पाऱ्याचा एक छोटा थेंब. पटलातून जो काही वायू पार होतो तो या थेंबाला ढकलतो. थेंब किती वेळात किती सरकला, एवढेच वाचायचे असते, पण नत्रवायूसारख्या संथ वायूच्या बाबतीत ते वाचण्याला कमालीचे धैर्य लागते. आधी हेलियम, मग प्राणवायू, नत्रवायू, मिथेन, आणि कार्बन डायऑक्साइड शेवटी, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे असते, कारण कार्बन डायऑक्साइड बहुवारिकाला फुगवितो आणि त्याच्यानंतर घेतलेल्या मापांवर विश्वास ठेवता येत नाही. मिळालेली पारगम्यता रिचर्ड बॅरर यांच्या नावाच्या एककात मांडतात, आणि दोन वायूंच्या पारगम्यतांचे गुणोत्तर म्हणजे त्या पटलाची निवडकता.

निवडकतेचा प्रश्न किती सूक्ष्म आहे हे एका आकड्यावरून कळते. प्राणवायूच्या रेणूचा गतिक व्यास ३.४६ आंगस्ट्रॉम, नत्रवायूचा ३.६४, म्हणजे दोहोंतील अंतर एका आंगस्ट्रॉमच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, आणि एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. कार्बन डायऑक्साइड ३.३ आणि मिथेन ३.८ यांच्यातील अंतर त्या मानाने ऐसपैस आहे, शिवाय कार्बन डायऑक्साइड बहुवारिकात अधिक विरघळतो. म्हणूनच ती जोडी वेगळी करणे तुलनेने सुकर असते. परंतु सर्वच जोड्यांना एक जाचक नियम लागू आहे. अमेरिकेतील लॉइड रॉबसन यांनी १९९१ मध्ये तोवर प्रसिद्ध झालेली शेकडो मापे एका आलेखावर मांडली, तेव्हा असे दिसून आले की पारगम्यता वाढली की निवडकता घटते, आणि सर्व बिंदूंच्या वर एक तिरपी मर्यादारेषा ओढता येते, जिच्या पलीकडे तोवर जवळजवळ कोणी गेलेले नव्हते. २००८ मध्ये त्यांनीच ती रेषा नव्या मापांच्या आधारे थोडी वर सरकविली. त्या आलेखावर पाषाणच्या प्रयोगशाळेचेही बिंदू आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक रेषेच्या खाली आहेत. प्रस्तुत लेखकाला त्यात उणेपणा वाटत नाही. खालचे बिंदू प्रामाणिकपणे छापले गेले नसते, तर रेषा कोठे ओढावी हे कोणालाच कळले नसते.

संस्थेच्या या शाखेचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण काम पॉलिबेन्झिमिडाझोल या पदार्थावर झाले. १९६१ मध्ये अमेरिकेत फोगेल आणि मार्व्हल यांनी प्रथम बनविलेला हा बहुवारिक चारशे अंशांपुढेही मऊ पडत नाही, जळत नाही, आणि अग्निशामकांच्या पोशाखात त्याचे तंतू वापरतात. इतका टिकाऊ पदार्थ पटलाला आदर्श वाटावा. पण त्याच्या साखळ्या नत्राला जोडलेल्या हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकींशी अशा जखडलेल्या असतात, की वायूला त्यांच्यातून जवळजवळ वाटच मिळत नाही. प्रश्न असा होता की पदार्थाची धग सोसण्याची ताकद कायम ठेवून त्याची ही घट्ट वीण मोकळी कशी करावी. उल्हास खरुल आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे एक उत्तर दिले : साखळी घडवितानाच तिच्या आम्लाच्या भागावर तृतीयक ब्युटिल हा भारदस्त गट बसवावा, किंवा मध्ये फ्लोरीनयुक्त असा सांधा घालावा की साखळीला बाक येईल. फांद्या छाटलेल्या पऱ्हाट्यांचा भारा कासऱ्याने आवळून घट्ट बांधता येतो, पण फांद्या तशाच ठेवल्या तर कितीही आवळले तरी आत पोकळी राहतेच; तृतीयक ब्युटिल गटाचे काम त्या फांद्यांसारखे आहे. नवे बहुवारिक द्रावकात अधिक सहज विरघळू लागले, त्यांची पटले ओतणे सोपे झाले, आणि त्यांची पारगम्यता मूळ पदार्थाच्या मानाने पुष्कळच वाढली. निवडकता काही अंशी खाली आली, हेही निबंधात स्वच्छ नोंदले आहे.

पुढचे पाऊल हायड्रोजनच्या बंधांवरच घाव घालण्याचे होते. नत्रावरचा हायड्रोजन काढून त्याच्या जागी दुसरा गट आणला, तर बंधच उरत नाही. २०१० च्या सुमारास या प्रयोगशाळेने मिथिलसारखा छोटा, ब्युटिलसारखा लांब व लवचीक, सिलिकॉनयुक्त, आणि तृतीयक ब्युटिल बेंझिलसारखा अवजड, असे वेगवेगळे गट त्या जागी आणून पाहिले. या मालिकेचे मोल माझ्या मते तिच्या शिस्तीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलली, बाकी सारे तसेच ठेवले, आणि प्रत्येक पायरीला घनता, साखळ्यांमधील अंतर, शोषण आणि पारगम्यता ही चारही मापे घेतली. त्यामुळे अमुक वाढ विसरणाने झाली की विरघळण्याने, हे तर्कावर न सोपविता सांगता येऊ लागले.

त्यानंतर आलेली कल्पना अधिक धाडसी होती. त्याच नत्रांवर दोन्हीकडून गट बसवून साखळीला धनभारित करावे आणि तिच्याशेजारी ऋणभारित आयन ठेवावा, म्हणजे सबंध बहुवारिकच आयनी होतो. मग शेजारचा आयन बदलून कार्बन डायऑक्साइडशी त्याची सलगी कमी-अधिक करता येते. असे आयनी बहुवारिक पूर्वी इतरत्र बनले होते, पण त्यांपैकी बरेच ठिसूळ असल्यामुळे त्यांचे स्वतंत्र पटल ओतता येत नसे. पॉलिबेन्झिमिडाझोलच्या बळकट कण्यावर ते रचल्यामुळे ही अडचण दूर झाली आणि २०१२ पासून त्यांवरील निबंध प्रसिद्ध होऊ लागले. वणीच्या कोळसापट्ट्यातील वाचकाला यातील एक धागा विशेष महत्त्वाचा वाटेल : कोळशाचे वायूकरण करून मिळालेल्या वायूची वाफेशी क्रिया घडविली असता हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे तप्त मिश्रण मिळते, आणि तेवढ्या उष्णतेत न वितळता हायड्रोजन वेगळा काढू शकतील असे जे मोजके बहुवारिक जगात ज्ञात आहेत, त्यांत पॉलिबेन्झिमिडाझोलचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

या काळात परदेशांतही स्पर्धा तीव्र होती. त्यांपैकी एका घटनेचा उल्लेख यवतमाळच्या स्मरणिकेत केल्यावाचून राहवत नाही. मूर्तिजापूर–यवतमाळ ही किलिक निक्सन कंपनीची अरुंद मापाची ‘शकुंतला’ आगगाडी ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडचा कापूस वाहून नेत असे, त्याच मँचेस्टरच्या विद्यापीठात पीटर बड आणि नील मॅककिऑन यांनी २००४ मध्ये अंगभूत सूक्ष्मरंध्रे असलेला बहुवारिक प्रसिद्ध केला. त्याची साखळी इतकी ताठ आणि वाकडीतिकडी आहे, की ती कितीही दाबली तरी घट्ट बसूच शकत नाही. रॉबसन यांची रेषा २००८ मध्ये वर सरकली ती बव्हंशी याच पदार्थांमुळे. परंतु अशा मोकळ्या पटलांना वार्धक्य लवकर येते : महिन्यामहिन्याने साखळ्या हळूहळू खाली बसतात आणि आरंभीची पारगम्यता उतरत जाते. हे दुखणे पुण्यातील पटलांनाही चुकलेले नाही, आणि म्हणून नव्या पटलाचा पहिल्या आठवड्याचा आकडा पाहून हर्ष करण्यापेक्षा त्याचे वर्षभराचे टिपण मागणे, ही परीक्षकाची पहिली जबाबदारी असते.

प्रयोगशाळेतील चकती आणि कारखान्यातील तंतू यांच्यात लांब अंतर आहे, आणि ते पार करण्याचा यत्न संस्थेच्या आवारातून निघालेल्या जेनरिच मेम्ब्रेन्स या उद्योगाने केला. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्र शासनाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याने त्यांच्या प्राणवायू-समृद्धी यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. पोकळ तंतूंच्या जुडग्यातून चार ते सात बार दाबाची हवा सोडून हे यंत्र तिच्यातील प्राणवायूचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत नेते. रुग्णालयात बसविल्या जाणाऱ्या अधिशोषण-संयंत्रातून सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळतो, तेव्हा ३५ हा आकडा प्रथमदर्शनी लहान वाटेल. पण ज्याचा श्वास किंचित कमी पडतो आहे, अशा घरच्या किंवा गावच्या रुग्णाला त्याहून अधिक लागतेच असे नाही, आणि या यंत्रात अधिशोषक पदार्थांच्या टाक्या आणि त्यांच्या आळीपाळीने उघडझाप होणाऱ्या झडपा नसल्यामुळे देखभाल कमी लागते. ग्रॅहम यांच्या रबरी पडद्यातून निघालेली हवा आणि फिंच यांच्या पाठीवरची नळकांडी यांचे हे घरगुती रूप म्हणता येईल.

या साऱ्यातून आपल्या जिल्ह्याला नजीकच्या काळात काय मिळेल, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. चुनाभट्टी किंवा सिमेंटची भट्टी यांचा धूर वातावरणाच्याच दाबाने निघतो, तो धूळ आणि बाष्प यांनी भरलेला असतो, आणि पटलाला तर दाबातील फरकाखेरीज चालना मिळत नाही. सबब एवढा प्रचंड धूर दाबून पटलावर घालण्याचा खर्च आज परवडणारा नाही, आणि त्याची स्वप्ने गावकऱ्यांना दाखविणे योग्य होणार नाही. गोबरगॅसचे तसे नाही. त्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोठे, दोन वायूंमधील भेद ठळक, मिथेन दाबाखालीच पटलाच्या अलीकडे राहत असल्यामुळे सिलिंडरात भरताना तो दाब वाया जात नाही, आणि यंत्र लहान आकारातही चालते. तंतूंच्या दहा जुडग्यांनी जे काम होते तेच शंभर जुडग्यांनी दसपट करता येते. म्हणून पटलाचे पहिले पाऊल या जिल्ह्यात पडलेच, तर ते गोठ्याच्या वाटेने पडावे. तत्पूर्वी वायूतील गंधकयुक्त हायड्रोजन सल्फाइड लोहाच्या ऑक्साइडवरून नेऊन काढावा लागेल आणि बाष्प सुकवावे लागेल, कारण दोन्ही पटलाचे आयुष्य कमी करतात; आणि खऱ्या शेणाच्या खऱ्या वायूवर, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या हवेत, एखादे जुडगे सलग दोन-तीन वर्षे चालवून त्याच्या पारगम्यतेची आणि निवडकतेची महिनेवारी नोंद ठेवावी लागेल. ही नोंद ठेवण्याचे काम जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला झेपण्याजोगे आहे. त्यास लागते ते एक प्रवाहमापक, एक वायुविश्लेषक, आणि सुट्टीच्या दिवशीही येऊन आकडे टिपणारा विद्यार्थी.